पहिलं दीड मिनिट : कुस्तीच्या तालमीवरच्या लघुपटाच्या संकलन-नोंदी

रविवार, 5 जानेवारी 2025

आज पहिला रफ कट (कच्ची जुळणी) चौघांनी मिळून बघितला. कोल्हापुरात राजारामपुरीतली माझी खोली, एक मॉनिटर, खालच्या गाड्यावरची गरम भजी. चौदा मिनिटांपैकी साडेबारा मिनिटं बरी आहेत. वस्ताद बोलतात तो तुकडा तर हात न लावता ठेवला तरी चालेल. दुखणं आहे पहिल्या दीड मिनिटाचं.

सध्या त्यात काय काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. ड्रोनवरून रंकाळा. घाटावरून पंचगंगा. धुक्यातला जोतिबाचा डोंगर. महाद्वार रोडची गर्दी. वरून कुस्त्यांचं खासबाग मैदान. शड्डू. तोच शड्डू स्लो मोशनमध्ये. उडणारी माती, लंगोटाची गाठ, घामाचा थेंब. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला एक कट. मोजले तर नव्वद सेकंदांत 41 शॉट निघाले, म्हणजे एकाच्या वाट्याला सव्वादोन सेकंदसुद्धा नाहीत.

दिग्दर्शक खूश. "लई स्टायलिश झालंय भावा, नाद खुळा." बघताना मलाही तसंच वाटलं. भजी संपली, सगळे गेले, आणि दिवा घालवून पडल्यावर मी आठवायला लागलो की आपण नक्की काय बघितलं. हे 41 शॉट मी स्वतः जोडलेत. आठवले सात.

बुधवार, 8 जानेवारी

प्रयोग म्हणायचं धाडस करत नाही, पण काल घरी आईला, मावशीला आणि शेजारच्या अकरावीतल्या पोराला फक्त ते दीड मिनिट दाखवलं. काही विचारलं नाही. आज संध्याकाळी विचारलं, काय आठवतंय?

आई : "रंकाळा. आणि त्या दारातल्या चपला."
मावशी : "हलगी लई जोरात होती."
पोरगा : "ड्रोन भारी. चपला कुणाच्या होत्या?"

चपला! चपलांचा शॉट यादीत तेविसावा आहे. तालमीच्या दाराबाहेर सात-आठ जोड, एक उलटी पडलेली. कॅमेरावालीने तो बॅटरी बदलताना मोकळ्या वेळात घेतला होता, आणि मी हलगीच्या दोन ठोक्यांमधली फट बुजवायला टाकला होता. एवढा एकच शॉट ट्रायपॉडवरचा, न हलणारा. आणि एवढ्या एकाच शॉटमध्ये काहीतरी दाखवलेलं नाही, म्हणजे आत कोण आहे ते.

सुरुवात मनात का राहते याचं तयार उत्तर म्हणजे ती 'पहिली' असते म्हणून. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1946 मध्ये लोकांना एकाच माणसाच्या गुणांची यादी दोन क्रमांनी ऐकवली होती. एकात बुद्धिमान, कष्टाळू हे आधी आणि हट्टी, मत्सरी हे शेवटी. दुसऱ्यात तेच शब्द उलटे. पहिल्या क्रमाने ऐकणाऱ्यांना माणूस चांगला वाटला, दुसऱ्या क्रमाने ऐकणाऱ्यांना त्यात खोट दिसली. म्हणजे पहिलं कानावर पडतं त्याचा रंग पुढच्या सगळ्याला लागतो, हे खरं. पण आमच्याकडे पहिला रंकाळा आहे, आणि रंकाळा बघून पोराला तालमीबद्दल काहीच वाटलं नाही. तेव्हा नुसतं पहिलं असून भागत नाही.

रविवार, 12 जानेवारी

दिवसभर सुरुवाती बघितल्या. पूर्ण पिक्चर नाही, फक्त पहिली काही मिनिटं, आणि प्रत्येक वेळी हातात वही. बायको म्हणाली, "जेवायला बसायचं आणि वरणभात खाऊन उठायचं, असलं चाललंय तुझं."

सगळ्यात आधी 'रेजिंग बुल' (1980), कारण आमच्या विषयाला सगळ्यात जवळचा. दिग्दर्शक स्कॉर्सेसी, कृष्णधवल. रिंगणात एकटा मुष्टियोद्धा, अंगावर झगा, डोक्यावर टोपडं, चेहरा जवळजवळ दिसतच नाही. तो हवेत ठोसे मारत जागच्या जागी नाचतोय, स्लो मोशनमध्ये. कॅमेरा दोरांच्या बाहेर. धूर, आणि मागे छायाचित्रकारांच्या फ्लॅशचे लखलखाट. वर मास्कान्यीच्या 1890 च्या ऑपेरातला संथ 'इंटरमेझो', म्हणजे मधला नुसत्या वाद्यांचा तुकडा. नावं पडतात, संपतात. इतकंच. समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही, एक ठोसासुद्धा कुणाला लागत नाही.

मी हे तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की हा माणूस कुणाशी लढतोय हे विचारायला आपल्याला पुरेपूर वेळ दिलाय. आणि लगेच पुढच्या दृश्यात तोच माणूस, 1964 साल, पोट सुटलेला, मेकअपच्या खोलीत भाषणाची घोकंपट्टी करतोय. तो संथ नाच डोक्यात ताजा नसता तर ते पोट एवढं बोचलं नसतं.

दुसरा 'ल सामुराय' (1967). मेलव्हिलचा. करडी खोली, दोन खिडक्या, मध्ये पिंजरा, पिंजऱ्यात चिवचिवणारा पक्षी. पलंगावर कुणीतरी पडलंय हे पहिल्यांदा कळतच नाही. सिगारेटचा धूर वर जातो तेव्हा कळतं. मग पडद्यावर 'बुशिदो' या सामुराई ग्रंथातलं म्हणून एक वचन येतं. ते मेलव्हिलने स्वतःच रचलेलं आहे! पहिला संवाद यायला जवळपास दहा मिनिटं लागतात. तोवर तो माणूस उठतो, कोट घालतो, आरशासमोर हॅटची कड बोटांनी सारखी करतो. त्या कडेवरून फिरणारी बोटं मला कॉलेजात पहिल्यांदा बघितल्यापासून आठवतात. गोष्ट मात्र आज परत वाचावी लागली.

तिसरा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968). लिओनेचा. उजाड स्टेशनावर तीन बंदूकधारी गाडीची वाट बघतायत. दहा मिनिटांच्या वर काही घडत नाही. मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना लिओनेने तिथं संगीत वापरलंच नाही. पवनचक्कीची कुरकुर, तारयंत्राची टकटक, एकाच्या टकलावर टपटपणारं पाणी (तो हलत नाही, हॅट घालतो आणि पाणी हॅटवर साचू देतो), दुसऱ्याच्या दाढीवरची माशी. ती माशी तो बंदुकीच्या नळीत पकडतो आणि कानाशी धरून ऐकतो. कंटाळा इतका बारकाईने रंगवलाय की गाडी आल्यावर पोटात गोळा येतो.

तिघांत सारखं काय, ते रात्री लिहायला बसलो. वहीत एवढंच उतरलं : एकच जागा, एकच काम, आणि बाकी सगळ्याला बंदी. आम्ही 'स्टाइल' म्हणून जे करत होतो ते नेमकं उलटं. आहे ते सगळं ताटात.

मंगळवार, 14 जानेवारी

संक्रांत. काम नाही.

शुक्रवार, 17 जानेवारी

पहाटे पावणेपाचला तालमीत. या वेळी कॅमेरा नाही, फक्त साउंड रेकॉर्डर. दिग्दर्शक आलाच नाही, थंडी.

तालमीचं दार बुटकं आहे. वाकूनच आत जावं लागतं, आणि समोर हनुमान असल्याने आपोआप नमस्कार झाल्यासारखं होतं. भिंती जाड, खिडक्या नावाला. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "घामेजलेल्या अंगाला वारं लागू ने म्हणून. तुमचं फोटूचं बघून बांधली न्हाई कुणी."

बाहेर रस्त्याचा दिवा होता, आत काही दिसेना. आणि मग एकेक गोष्ट येत गेली. आधी वास : तेल, ताक, हळद, कापूर मुरलेली लाल माती. मग आवाज : फावडं. खच्च, मातीचा फस्सकन पसरण्याचा आवाज, परत खच्च. कोण खणतंय दिसत नाही. मग फावड्याच्या पात्याची चकाकी, मग पाठ. मग हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, कडेला जोर काढणारे आणखी चौघं, जे मघापासून तिथंच होते!

अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, हे शाळेत शिकलेलं. डोळ्यातल्या शंकू पेशी पाच-दहा मिनिटांत सरावतात, दंड पेशींना वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर कान पुढे होतात. मी उंबऱ्याशी उभा राहून घड्याळ बघत बसलो नाही, पण पहिली पाठ दिसेपर्यंत जो वेळ गेला त्यात मी जितकं लक्ष देऊन ऐकलं तितकं गेल्या महिनाभरात एडिटिंगच्या खुर्चीत ऐकलेलं नाही.

हेच दीड मिनिट. रंकाळा नको, जोतिबा नको. फावडं.

चहा घेताना वस्तादांना एक प्रश्न टाकला, सलामीबद्दल, म्हणजे कुस्ती लागताना पैलवान हात मिळवतात त्याबद्दल. मनात उत्तर आधीच तयार होतं, ही माझी वाईट खोड. म्हटलं, "वस्ताद, खासबागात सलामी बघितली की कळतं का हो, कुस्ती कोण मारणार?" मला वाटलं म्हणतील, व्हय, सलामीतच कळतं. मी ते वाक्य पिक्चरच्या सुरुवातीला लावायच्या तयारीत.

ते म्हणाले, "सलामी बघून पैजा लावणारी लई बगितली. चालत घरी गेली."

मग थोडं थांबून : "सलामीत एवढंच कळतंय, की बगणारा गप झाला का न्हाई."

रविवार, 19 जानेवारी

सगळा दिवस वाया. काल पहाटे फावड्याचा शॉट स्लो मोशनमध्ये घेतला, सेकंदाला 120 फ्रेम. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर अप्रतिम दिसत होता. मॉनिटरवर लावला तर सगळी भिंत धडधडतेय, उजेड-अंधार, उजेड-अंधार. तालमीतल्या ट्यूबलाइटची करामत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही, पण 120 फ्रेमच्या कॅमेऱ्याला प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा उजेड मिळतो. सॉफ्टवेअरने घालवायला गेलो तर मातीचा पोत मेणासारखा झाला.

संध्याकाळी वैतागून खरी कॉर्नरला चहाला गेलो. समोर कॅमेरा स्तंभ. शंभर वर्षांमागे बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा स्वतः जुळवला, 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला, आणि 1923 च्या 'सिंहगड'साठी रात्रीच्या दृश्यांना कृत्रिम उजेड वापरला, तेही कुणी शिकवायला नसताना. आणि आम्ही ट्यूबलाइटपुढे हात टेकलेत. कॅमेरावाली म्हणाली, "त्यांच्याकडं 120 फ्रेमचं बटण नव्हतं, म्हणून वाचले."

गुरुवार, 23 जानेवारी

जमलं. कॅमेऱ्याची सेटिंग एनटीएससीवरून (60 हर्ट्झच्या विजेला जुळणारी) 'पाल'वर (PAL, आपल्या 50 हर्ट्झला जुळणारी) घेतली, सेकंदाला 100 फ्रेम, शटर सेकंदाचा एक शतांश. आता प्रत्येक फ्रेमला ट्यूबचा एक अख्खा झोका मिळतो, भिंत शांत. मग शेवटी ट्यूब बंदच करायला सांगितली आणि दार बोटभर उघडं ठेवून बाहेरच्या उजेडावर घेतलं. इतका खटाटोप करून स्लो मोशन वापरणार नाही असंही वाटतंय. फावडं त्याच्या वेगानेच बरं दिसतं.

रविवार, 26 जानेवारी

नावांवरून भांडण. दीड तास.

दिग्दर्शकाचं म्हणणं : नावं फावड्यावरच पडू देत, वेळ वाचेल, आणि "तेवढंच जरा प्रोफेशनल वाटतंय." माझं म्हणणं : लोक वाचायला लागले की ऐकायचे थांबतात.

मी 'टच ऑफ ईव्हिल' (1958) चं उदाहरण काढलं. ऑर्सन वेल्सचा तो प्रसिद्ध पहिला शॉट : गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो, आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट न करता क्रेनवरचा कॅमेरा ती गाडी, गर्दी, सरहद्दीची चौकी, सगळं धरून चालत राहतो. स्टुडिओने त्याच शॉटवर नावं चिकटवली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत वाजवलं. वेल्सने त्या पिक्चरच्या कटाबद्दल 58 पानांचं टिपण लिहून पाठवलं होतं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, 1998 मध्ये, वॉल्टर मर्च या संकलकाने त्या टिपणाबरहुकूम पिक्चर नव्याने जुळवला. नावं काढली, संगीताच्या जागी रस्त्यावरच्या क्लबांतून आणि गाड्यांच्या रेडिओतून येणारी गाणी ठेवली. दोन्ही पाठोपाठ लावून दाखवले. पहिल्यात आपण नावं वाचतो आणि अधूनमधून गाडी बघतो. दुसऱ्यात गाडी नजरेआड झाली की जीव टांगणीला.

दिग्दर्शक हार मानणारा नाही. त्याने पिक्चरची नावं रचणारा डिझायनर सॉल बास काढला, आणि खरं सांगायचं तर चांगला काढला. 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (1955) : काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या, शेवटी त्यांचाच वाकडातिकडा हात होतो. तोवर अमेरिकेत नावं बहुधा बंद पडद्यावरच सुरू व्हायची, आणि खरा पिक्चर आला की पडदा सरकायचा. या पिक्चरच्या डब्यांवर म्हणे चिठ्ठी होती, की नावांच्या आधीच पडदा उघडा. "म्हणजे नावंच सुरुवात असू शकतात," तो म्हणाला. असू शकतात. पण मग ती बासने काढलेली असावी लागतात. आमच्याकडे मोफत डाउनलोड केलेला फाँट आहे.

कॅमेरावालीने 'ड्राइव्ह' (2011) सुचवला. तिथं आधी अख्खी एक चोरी होते : पाच मिनिटांची मुदत, रेडिओवर बास्केटबॉलचं समालोचन, पोलिसांपासून पळण्यापेक्षा गाडी अंधारात उभी करून थांबणंच जास्त. काम फत्ते झाल्यावर मग गुलाबी तिरक्या अक्षरांत नावं. यावर दोघंही जरा गप्प झाले.

यात बाबांची आठवण आली, ती इथं लिहायची जागा नाही, पण लिहितो. बाबा पिक्चरला नेताना घरातून अर्धा तास आधी काढायचे. "नावं चुकली तर पैसे गेले." त्यांचं मूळ वेड संगीत नाटकाचं. सांगायचे, तिसरी घंटा व्हायची, पडद्याआडून धुपाचा वास यायचा, पेटीवर सूर लागायचा आणि नांदी सुरू झाली की अख्ख्या थिएटरमधलं खोकणं बंद. नाटक कितपत होतं ते नंतर. तमाशातही वग लागायच्या आधी गण असतोच. आम्ही मात्र आता पॉपकॉर्न घेऊन अंधारात लोकांचे पाय तुडवत शिरतो, तोवर नावं संपलेली.

बाबांना घेऊन केशवराव भोसले नाट्यगृहात शेवटचं गेलो त्याला सहा वर्षं झाली. गेल्या ऑगस्टच्या आगीनंतर तिकडून जाताना मान वळवत नाही.

ठरलं : नावं दीड मिनिटाच्या शेवटी, एकदाच, न हलणाऱ्या चपलांवर. दिग्दर्शकाने मानलं, बदल्यात मला शेवटच्या श्रेयनामावलीत त्याच्या ड्रोनचे तीन शॉट ठेवावे लागणार. स्वस्तात सुटलो.

रविवार, 2 फेब्रुवारी

नवा कट. पुढे विसरेन म्हणून सेकंदासकट :

0 ते 14 : पूर्ण काळोख. चार सेकंदांनी पहिलं फावडं. चौदा सेकंदांत पाच घाव. मध्ये कुणीतरी दम टाकतं.
14 ते 37 : दाराच्या फटीतला उजेड. त्यात पातं येतं आणि जातं. माणूस नाही.
37 ते 61 : तीच जागा, कॅमेरा हललेला नाही, पण बाहेर फटफटायला लागलंय. पाठ दिसते. मागे जोर काढणारे.
61 ते 78 : फावडं थांबतं. तो मूठभर माती उचलून कपाळाला लावतो. चेहरा अजून नाही.
78 ते 90 : बाहेर. चपला. नावं.

41 चे 4 शॉट झाले, काळोख धरला तर पाच. हलगी काढली. हात थरथरला, कारण हलगीवाल्याला आम्ही पैसे देऊन बोलावलं होतं. ती आता अकराव्या मिनिटाला, प्रत्यक्ष मैदानात येते, जिथं ती असायला हवी.

एक शंका : मातीच्या घावाचा आवाज मी दोन जागी वेगळ्या टेकमधून चोरलाय. मूळ आवाजात लांबून रिक्षा ऐकू येत होती. आधी वाटलं लबाडी झाली. मग मेलव्हिलचं खोटं वचन आठवलं आणि झोप लागली.

बुधवार, 5 फेब्रुवारी

आई, मावशी, तोच पोरगा. मध्ये एक दिवस सोडून विचारलं.

आई : "ते खणत होतं तो आवाज. आधी वाटलं कुणासाठी खड्डा खणतायत."

मला हे सुचलंच नव्हतं. चौदा सेकंद काळोखात फावड्याचा आवाज ऐकून आपल्याकडच्या माणसाला स्मशान आठवणार नाही तर काय! बिघडलं का? दोन तास येरझाऱ्या घातल्या. शेवटी वाटलं, राहू दे. वस्ताद नवव्या मिनिटाला सांगतात की तालमीत आता पंधरा पोरंही नसतात, तेव्हा आईला तो खड्डा परत आठवेल. हे मी ठरवून केलं असतं तर फार हुशार ठरलो असतो.

मावशी : "माती कपाळाला लावली ते." पोरगा : "स्लो आहे. पण चेहरा का नाही दाखवला त्याचा?" म्हणजे अजून विचारतोय. बरं आहे.

रविवार, 9 फेब्रुवारी

वस्तादांना दाखवायला तालमीत गेलो. लॅपटॉप नेला होता, पण चार्जर घरी राहिला, म्हणून फोनवर. त्यांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला. काळोख सुरू झाला. दोन सेकंद. तीन.

"बंद पडलाय," म्हणाले आणि पडद्यावर बोट मारलं. पिक्चर थांबला.

परत लावून दिला. परत तीन सेकंदांनी बोट. तिसऱ्यांदा त्यांच्या नातवाने फोन धरला आणि "आजोबा, हात लावू नका," म्हणाला, तेव्हा कुठे पहिलं फावडं वाजलं. वस्ताद एकदम थांबले, मान हौद्याकडे वळवली. त्या वेळी हौद्यात कुणीच नव्हतं.

पूर्ण बघून झाल्यावर एवढंच म्हणाले, "माती जरा कोरडी दिसतीया."

उद्याची कामं : पहिलं फावडं चौथ्या सेकंदाऐवजी पहिल्याच सेकंदाला आणायचं. फटीतला उजेड अगदी पहिल्या फ्रेमपासून, केसभर, म्हणजे फोन चालू आहे हे कळेल. काळोख 14 वरून 11. आणि कॅमेरावालीला विचारायचं, रंग सुधारताना माती थोडी ओली दिसेल असं काही करता येईल का.